बारा सत्तेचाळीसचा डोस

इथे येणारे अनुभव मी नियमित वाचते, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात शंका धरूनच वाचते. आमच्या घरी देव आहेत, जत्रा आहे, लिंबू-मिरची आहे, सगळं आहे... पण मी सायन्सला गेले आणि पुढे ज्या कामात पडले, तिथं आकडा दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नसतो. भास, चाहूल, कुणीतरी हाक मारली – असल्या गोष्टी ऐकल्या की मी विषय बदलायची. माझी ही सवय घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं हे लिहायला मला जवळपास वर्ष लागलं. नावं बदलली आहेत. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण त्याची गरज नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

मी परफ्युजनिस्ट आहे. हृदयाचं ऑपरेशन करताना हृदय बंद करावं लागतं. तेवढा वेळ रोग्याचं रक्त एका मशीनमधून फिरवून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत शरीरात सोडायचं, हे मशीन मी चालवते. आम्ही त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतो. पंप बाकी सगळ्या शरीराला रक्त देतो, पण बंद केलेल्या हृदयाला स्वतःला मात्र रक्त मिळत नाही. स्नायूच तो. रक्ताविना राहिला तर मरायला लागतो. म्हणून त्याला थंड करून झोपवायचं – झोपलेल्या स्नायूची भूक कमी असते. त्यासाठी औषध मिसळलेलं गार रक्त हृदयाच्या शिरांमधून सोडतात. हा डोस आमच्याकडं दर वीस मिनिटांनी द्यावा लागतो. घड्याळ माझ्या हातात असतं. मी म्हणते, “सर, वीस मिनिटं.” सर, म्हणजे आमचे सर्जन, म्हणतात, “दे.” मी डोसचा वेगळा छोटा पंप फिरवते. एवढंच.

पण डोस हृदयाच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचला पाहिजे. जिथं पोचला नाही तो भाग जागा राहतो, आणि उपाशी राहतो. मग ऑपरेशन कितीही छान झालं तरी शेवटी हृदय उठत नाही.

आमचं गाव वसमत तालुक्यात आहे. दोन एकर हळद, थोडी मेंढरं. आबांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – शाळेचं तोंड बघितलं ते मला सोडायला आले तेव्हा. घरातली पहिली पदवी माझी. मी काय काम करते हे गावात कुणालाच नीट कळलं नाही. शेजारच्या काकूंना मी एकदा सगळं समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “म्हंजे आधी तुमी माणसाचं काळीज बंद पाडता?”

“हो.”

“आन् मंग चालू करता?”

“हो, काकू.”

“मंग चालूच हुतं की गं बाई! उगा काहून हात लावायचा?”

आबा तिथंच बाजेवर बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, “बंद असताना त्याला पानी कोन देतं?”

मी म्हणाले, “मी देते, आबा.”

“बराबर,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल कधी काही विचारलं नाही.

पाणी देण्याचं आमच्याकडं असं होतं. विहीर रानाच्या वरच्या अंगाला, आणि रान उताराला लांबलचक. मोटार चालू करायची, दंडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, पाणी सऱ्यांमध्ये सोडायचं. मी शाळेत असल्यापासून मोटारीच्या स्टार्टरपाशी उभं राहण्याचं काम माझं, मधली दारं मोडून पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं काम मायचं, आणि आबा कायम खालच्या टोकाला. हळद एकदा वाढली की माझ्या डोक्याच्या वर जायची. मोटारीपाशी उभं राहिलं की टोक दिसायचं नाही, फक्त आबांचा आवाज यायचा. पाणी पोचलं की “आलं गं!” आणि पोचलं नाही तर – “टोक कोरडं! बंद कर, संगे!” म्हणजे मधे कुठं दंड फुटलाय, नाहीतर घुशीच्या बिळातून पाणी भलतीकडं चाललंय. ही हाक आली की विचार करायचा नाही, स्टार्टरचं लाल बटण दाबायचं. एकदा मी विचार करत बसले आणि बांधापलीकडच्या चुलत्यांच्या काढलेल्या भुईमुगात पाणी शिरलं होतं. त्या दिवशी आबा मला पहिल्यांदा आणि शेवटचं रागावून बोलले. “मोटारीपशी हुबं ऱ्हायलेल्या मान्साला नेहमी वाटतं, पानी पोचलं. पाइप भरून वाहताना दिसतो ना त्याला.”

आता हे सगळं राहिलं नाही. सहा वर्षांपूर्वी रानात ठिबक केलं. कुणाला टोकाला उभं राहावं लागत नाही, ओरडावं लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली घटना आहे. मी नांदेडला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये काम करते. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कळमनुरीहून एक ॲम्ब्युलन्स आली. रोगी किसनराव, वय चोपन्न. कळमनुरीजवळच्या तांड्यावरचे, गावात शाळेचे गणवेश शिवायचे. पहाटेपासून छातीत दुखत होतं, आणि तरी त्यांनी दोन तास मशीनवर बसून काजं केली होती, कारण गणवेश द्यायचा शब्द दिला होता. अँजिओग्राफी झाली. डावीकडची मुख्य शीर जवळपास बंद. उजवीकडची पूर्ण बंद. औषधावर ठेवून वाट बघण्यासारखं काही नव्हतं. सर म्हणाले, लगेच घ्यायचं.

ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराशी मी कागदपत्रं बघायला गेले. किसनराव स्ट्रेचरवर होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पण बोलणं चालूच.

“मॅडम, तुमी काळीज बंद करनार म्हनं.”

“मी नाही, सर करणार. मी मशीन चालवणार. घाबरू नका.”

“घाबरत न्हाई. इचारून राहिलो – तेवढा वेळ मी कुठं बसू?”

मला हसू आलं. त्यांच्या बायकोला नाही आलं. लक्ष्मीबाई. बारीक अंगाच्या, हातात नवऱ्याचा सदरा घट्ट धरलेला. स्ट्रेचर आत गेलं तसं त्यांनी माझा हात धरला.

“पोरी, ते काळीज थंडं करतात म्हनं.”

“हो, मावशी.”

“आन् परत गरम व्हतं?”

मी म्हणाले, “व्हतं, मावशी.” आमच्या कामात असा शब्द द्यायचा नसतो. प्रयत्न करू, असं म्हणायचं असतं. पण ते गावचं बोलणं ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. तुम्हाला खरं सांगते, ऑपरेशन सुरू झाल्यावर मला ऑपरेशनपेक्षा त्या शब्दाचंच जास्त ओझं वाटत होतं.

बारा वीसला आम्ही पंपावर गेलो. बारा सत्तावीसला सरांनी हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावला. मी पहिला डोस दिला. उजवीकडची शीर बंदच असल्यामुळं पुढून सोडलेलं गार रक्त त्या बाजूला नीट पोचणार नव्हतं. अशा वेळी हृदयाच्या मागच्या मोठ्या शिरेत एक बारीक नळी घालून डोस उलट्या बाजूनं, म्हणजे जिथून रक्त बाहेर पडतं तिथून आत सोडतात. सरांनी तीही नळी घातली होती. दोन्हीकडून दिलं. हृदय थांबलं. मॉनिटरवर सरळ रेघ आली. हृदयात खोचलेली तापमानाची सुई बारा अंशावर आली. सगळं व्यवस्थित.

मग सरांनी मागच्या बाजूला नवी शीर कुठं जोडता येईल ते बघायला हृदय हातात उचलून एकदा कलतं केलं आणि परत ठेवलं. पायातून जी शीर काढून इथं जोडायची असते, ती काढायला वेळ लागत होता. शीर बारीक निघाली होती. सगळे घाईत होते, पण कुणी आवाज चढवून बोलत नव्हतं.

बारा सत्तेचाळीस. मी म्हणाले, “सर, वीस मिनिटं.”

“मागच्या नळीतून दे.”

मी डोस सुरू केला. या डोसच्या वेळी नळीतलं प्रेशर बघायचं असतं. फार कमी झालं तर नळी बाहेर आली, फार वाढलं तर कुठंतरी अडकली किंवा शिरेला इजा होतेय. प्रेशर छत्तीस. एकदम योग्य. सुई बारावर. मॉनिटरवर सरळ रेघ. मी आकडे वाचले, लिहिले. आणि मला हाक ऐकू आली.

“टोक कोरडं! बंद कर, संगे!”

हे कसं सांगू कळत नाही. ‘मनात आवाज आला’ असं लोक म्हणतात, तसं नव्हतं. ओटीत एसीचा आवाज होता, सक्शनचा होता, माझ्या पंपाची घरघर होती. या सगळ्याच्या पलीकडून, माझ्या पाठीमागून थोडं डावीकडून, लांबून – वारा मधे असल्यावर आवाज जसा तुटत तुटत येतो – तसा तो आला. आबांचाच. ‘बंद’वर जोर देऊन, ‘संगे’ लांबवून. ओटीत माझ्या पाठीमागे भिंत आहे.

माझा हात डोसच्या बटणावर गेला आणि मी डोसचा पंप बंद केला. विचार केला नाही. करायला वेळच नव्हता. शाळेत असताना स्टार्टरपाशी जसं व्हायचं तसंच झालं.

सर म्हणाले, “काय झालं? थांबवलं का?”

“सर... मागच्या बाजूला पोचतंय का, बघता का एकदा?”

“प्रेशर किती?”

“छत्तीस.”

“टेम्परेचर?”

“बारा.”

“मग?” सरांनी वर बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. “मग दे की. वेळ चाललाय.”

त्यांचं बरोबर होतं. डोस अर्धवट ठेवून मी मिनिटं घालवत होते, आणि ती मिनिटं किसनरावांची होती. माझ्याकडं सांगायला काही कारण नव्हतं. सगळे आकडे माझ्या विरुद्ध होते. बटणावर बोट होतं, ते दाबलं असतं तर कुणीच मला दोष दिला नसता... पण बोट हलेना.

“सर, एकदाच हात लावून बघा. प्लीज.”

मला वाटलं, आता सर मला बाहेर काढणार. त्यांनी हात हृदयाच्या खाली घातला, ते हळूच उचललं आणि वाकून मागची बाजू बघितली. तसेच वाकलेले राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

“गरम आहे.”

कुणीतरी “काय?” म्हणालं.

“उजवी बाजू आणि मागचा भाग गरम आहे. शीर रिकामी आहे. इकडं काहीच आलेलं नाही.”

नंतर जे समजलं ते असं. मघाशी हृदय उचललं तेव्हा ती बारीक नळी शिरेत आणखी आत सरकली असावी. आत जाऊन पुढं बसली, त्यामुळं उजवीकडून आणि मागून येणाऱ्या फांदीचं तोंड मागंच राहिलं. पुढच्या भागाला डोस मिळत होता, म्हणून प्रेशर चांगलं दिसत होतं. सुईही पुढच्या भागात, म्हणून ती बारा दाखवत होती. यात कुणाची चूक म्हणता येत नाही, हे कुठंही होतं. पण ज्या बाजूची शीर आधीच बंद होती, तिला आता दोन्हीकडून काहीच मिळत नव्हतं.

सरांनी नळी मागं ओढली, दोन बोटं असेल. “दे आता. हळू.” मी दिलं. प्रेशर तीसवर आलं. सर हात खाली ठेवूनच उभे होते. थोड्या वेळानं म्हणाले, “भरली... शीर भरली. गार पडतंय.” आणि मग, “आधी उजवीकडची जोडू. जोडली की तिच्यातूनही दे.”

पुढचं ऑपरेशन लांबलं, पण नीट झालं. क्लॅम्प काढल्यावर हृदय आधी नुसतं थरथरलं, एक शॉक द्यावा लागला, आणि मग ते स्वतःच्या ठोक्यावर आलं. उजवी बाजू सुरुवातीला मलूल होती. आम्ही पंपावर अर्धा तास जास्त थांबलो, तिला दम खाऊ दिला. मग तीही उठली. तो थंड-बंद दिसणारा भाग पुन्हा रंगावर येताना मी शेकडो वेळा बघितलाय. त्या दिवशी माझ्याच्यानं बघवेना. मी खाली मान घालून आकडे लिहीत राहिले.

बाहेर लक्ष्मीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सर घरच्यांशी बोलत असताना मावशींनी माझ्याकडं बघितलं. मीच म्हणाले, “झालं मावशी, गरम झालं.” त्यांनी तो सदरा तोंडावर दाबला आणि रडल्या.

कपडे बदलायच्या खोलीत सरांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. “संगीता, कसं कळलं तुला?”

माझ्या मनात खरं उत्तर तयार होतं, पण ते ओठावर येईना. मी पदवीधर, आमच्या घरातली पहिली. इतक्या वर्षांनी लोक मला मॅडम म्हणायला लागलेले. आणि मी सरांना सांगू की माझे वडील ओरडले?

“सर, प्रेशर थोडं वर गेल्यासारखं वाटलं,” मी म्हणाले.

“गुड. शाब्बास,” ते म्हणाले.

मोबाइल लॉकरमधून काढला तर मायचे तीन मिस्ड कॉल. ती कधी दुपारी फोन करत नाही. मी घाबरून लावला.

“माय, काय झालं? आबा बरे आहेत ना?”

“बरे हाईत गं. पन आज त्येंचं काय बिनसलंय कळंना. दुपारचं जेवून बाजेवर आडवे झाले. डोळा लागला हुता. आन् एकदम उठले, चप्पल बी घातली न्हाई, रानात पळत सुटले. पार टोकाला. आन् तिथून वरडाया लागले.”

मी विचारलं, “काय ओरडले?”

“तेच की, पयलं वरडायचे ते. टोक कोरडं हाय, बंद कर म्हनं. तुझं नाव घेऊन. अगं, लाइटच नव्हती! मोटार बंद. हळदीला पानी कालच सोडलेलं. तो बांधाकडचा लिंबाजी हसाया लागला, म्हनं, म्हातारा ठिबकवर दारं धरून राहिला!”

मी लॉकरचं दार लावून घेतलं. विचारलं, “किती वाजता?”

“मला गं काय ठावं! पाऊणची बस आलती तवा. पन ती का येळेवर येती?”

बसच्या वेळेवर मी भरवसा ठेवणार नव्हते. आमच्याकडची पाऊणची बस दीडलाही येते. म्हणून दिवाळीत घरी गेल्यावर मी आधी लिंबाजीकाकांकडं गेले. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून. त्या दुपारी ते ठिबकचे जोड मागवायला वसमतच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होते, आणि आबांचं ओरडणं फोनमधून ऐकून दुकानदारानंच विचारलं होतं, “कोन वरडून राहिलं?” काकांना वाटलं, मला माझ्या बापाची काळजी लागलीय. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी त्या तारखेचा कॉल शोधला. सुरू झाल्याची वेळ बारा चव्वेचाळीस. बोलणं चार मिनिटं.

माझ्या कागदावर डोस थांबवल्याची वेळ बारा सत्तेचाळीस.

मी आबांना विचारलं. ते मेंढरांना पाला टाकत होते. आधी त्यांनी टाळलं. “म्हातारपन हाय. झालं काहीतरी.”

“आबा, स्वप्न पडलं होतं का?”

“सपान न्हवतं,” ते म्हणाले. “मोटार चालू हाय, आन् तू मोटारीपशी हाईस, असं वाटलं. लहान हुतीस तशी. आन् मला ठावं हुतं की टोकाला पानी न्हाई. कसं ठावं हुतं, ते मला इचारू नको.”

“मग टोकाला जाऊन काय केलंत?”

“हात लावून बघितलं.” त्यांनी पाल्याच्या ढिगात हात घालून दाखवला, तळवा वर करून. “गरम हुतं.”

ऑक्टोबरच्या भर दुपारी माती गरमच असते. मी स्वतःला तेव्हा हेच सांगितलं, आजही सांगते. त्यांना मी ओटीतलं काही सांगितलं नव्हतं. मायलाही नाही. कुणालाच नाही.

मी बाकीचेही विचार करून बघितलेत. कदाचित सरांनी हृदय उचलताना माझ्या डोळ्यांनी नळी हललेली टिपली असेल, आणि माझ्याच मेंदूनं मला ओळखीच्या आवाजात इशारा दिला असेल. शक्य आहे. हे मला पटतंही. पण मग साठेक किलोमीटरवर एक माणूस झोपेतून उठून, सहा वर्षं न मारलेली हाक त्याच मिनिटांत का मारतो? योगायोग म्हणावा तर मी भांडणार नाही. माझ्याकडं दुसरा शब्द नाही.

खरं म्हणजे मी हे सगळं गिळून गप्प बसले असते. किसनराव बरे झाले, दोन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा हातात कापडाची पिशवी, तीत माझ्यासाठी शिवलेला सुती ड्रेस. म्हणाले, “अंदाजानं शिवला, पन बसंल.” बसला. सगळं छान चाललं होतं.

पण सर ती गोष्ट शिकवायला लागले. आमच्याकडं दोन नवीन परफ्युजनिस्ट मुली आल्या. त्यांना सर सांगायचे, “प्रेशरमध्ये बारीकसा फरक पडला तरी लक्षात यायला हवा. संगीताच्या आला, म्हणून एक माणूस वाचला.” मी शेजारी उभी राहून ऐकायची. एक दिवस त्यांतली पूनम मला म्हणाली, “म्हणजे ताई, प्रेशर नॉर्मल असेल तर मागं बघायला सांगायची गरज नाही ना?”

मी तिला हो म्हणू शकले नाही. कारण त्या दिवशी प्रेशर नॉर्मलच होतं. माझी अब्रू राखायला मी जे खोटं बोलले होते, ते आता या पोरी नियम म्हणून पाठ करणार होत्या. आणि कधीतरी कुठल्यातरी टेबलावर एखादा माणूस छत्तीसच्या आकड्याखाली गरम पडून राहणार होता. बाहेर त्याची बायको बसलेली असणार होती.

मी त्याच दुपारी सरांच्या केबिनमध्ये गेले. “सर, किसनरावांच्या केसमध्ये प्रेशर वर गेलं नव्हतं. मी खोटं बोलले.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, “रेकॉर्ड आण.”

मी कागद आणला. त्यांनी चष्मा लावून ओळीवरून बोट फिरवलं. छत्तीस. छत्तीस. छत्तीस. मग डोस बंद. माझ्याच अक्षरात.

“मग कसं कळलं?”

मी सांगितलं. सगळं. मोटार, हळद, हाक, लिंबाजीकाकांचा फोन. सांगताना माझा आवाज शाळेतल्या पोरीसारखा झाला होता. मला वाटलं, ते हसतील, किंवा सुट्टी घे म्हणतील. ते हसले नाहीत. विश्वास ठेवला असंही नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली.





“मग आता पोरींना काय शिकवायचं?”

मी म्हणाले, “आकडा कितीही चांगला दिसला तरी मागं हात घालून बघायचं. प्रत्येक डोसला.”

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओटीत तसंच होतं. मी म्हणते, “सर, वीस मिनिटं.” ते म्हणतात, “दे.” मी देते, आणि सरांचा हात मागं जाऊन “गार आहे” असं म्हणेपर्यंत ओटीत कुणी बोलत नाही. त्यानंतर मी कधीही ती हाक ऐकली नाही. आबांनीही पुन्हा कधी मारली नाही. पण दर डोसला, सर बोलेपर्यंतच्या त्या चार-पाच सेकंदांत, माझे कान पाठीमागच्या भिंतीकडं लागलेले असतात... आणि काहीच ऐकू आलं नाही, की मला बरं वाटतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.